हीटर तुटलेलाच होता

आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाद नको. जिथे दिवा आपोआप लागतो तिथे कनेक्शन लूज असतं, आत्मा वगैरे नसतो. माझी उभी हयात लोकांचे फ्रीज, कूलर आणि बर्फाची मशीनं उघडण्यात गेली. ‘आमच्याकडे काहीतरी आहे हो’ अशी बोलावणी मलाही येतात. देवासमध्येच एका काकूंचा फ्रीज कण्हायचा. त्यांनी त्याला लिंबू-मिरची बांधली, अंगारा लावला, आणि एवढं सगळं करून झाल्यावर मला बोलावलं. मागच्या पंख्याजवळ उंदराने संसार थाटला होता. उंदीर काढला, कण्हणं थांबलं... काकू मात्र माझ्यावरच नाराज! त्यांना बहुतेक दुसरं काहीतरी निघायला हवं होतं.

तर मी असा माणूस आहे. इथले भुताखेतांचे अनुभव वाचतो, काहींना हसतोही. तरीही हे लिहायला बसलोय, कारण डोक्यात घोळवून घोळवून थकलो. आता तुम्ही बघा काय ते. शाळा हिंदीतली, धंदा हिंदीतला, त्यामुळे मराठी इकडचं आहे — सांभाळून घ्या.

मी देवासला राहतो. माझा चुलतभाऊ बाळादादा धारला. आमचे पूर्वज संस्थानाच्या काळात दरबाराबरोबर इकडे आले आणि आबदारखान्यात लागले, म्हणजे दरबाराचं पिण्याचं पाणी गार ठेवायचं काम. दादा म्हणायचा, “दिन्या, संस्थान गेलं, दरबार गेला, पण लोकांना गार पाणी पाजायचं आपल्या मागचं काही सुटलं नाही.” आम्ही दोघांनी मिळून रेफ्रिजरेशनचं काम सुरू केलं आणि मुलूख वाटून घेतला. धार, सरदारपूर, मनावर ही गावं त्याची. देवासपासून खाली उदयनगरच्या जंगलापर्यंत माझं. अडलं की एकमेकांना फोन. काम मला त्यानेच शिकवलं.

त्याची एक शिस्त होती, ती इथे सांगावी लागेल. मशीनमध्ये हात घालायच्या आधी दादा त्या भागाचा फ्यूज उपटायचा आणि शर्टाच्या खिशात टाकायचा. जुन्या पद्धतीचा, चिनी मातीचा पांढरा फ्यूज. बटण बंद करून भागत नाही, कारण आपण आत हात घालून बसलेलो असतो आणि कोणीतरी शहाणा येऊन बटण दाबतो. फ्यूज खिशात असला की बिनघोर. “ज्याच्या खिशात फ्यूज, त्याचं मशीन,” असं तो म्हणायचा. रिकामी फ्यूजची जागा दिसली तर तिथे दुसऱ्याने फ्यूज घालायचा नाही. ज्याने काढला त्यानेच परत लावायचा. वाकल्यावर पडू नये म्हणून वहिनींनी त्याच्या सगळ्या कामाच्या शर्टांच्या खिशाला बटण लावून दिलं होतं.

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. मे महिना, लग्नसराई, आणि माळव्यात यंदा ऊन नाही असं कोणी म्हणालेलं मी तरी ऐकलेलं नाही. सकाळी सकाळी वहिनींचा फोन आला. आवाज एकदम सपाट होता.

“भावजी, तुम्ही या. हे गेले.”

कुठे गेले, असं मी विचारलं. खरंच विचारलं.

दादा पहाटेच बसस्टँडजवळच्या एका लस्सी-ज्यूसच्या दुकानात बर्फाचं मशीन बघायला गेला होता. तिथून थोड्या वेळाने घरी आला, खुर्चीत बसला, पाणी मागितलं. “मशीन उघडंच टाकून आलोय, काम अर्धं राहिलंय, परत जायचंय,” असं म्हणाला. वहिनी पाणी घेऊन बाहेर आल्या तेव्हा मान कलली होती. डॉक्टर आले, पण त्यांना करण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

मी पोचलो तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या, डोळे कोरडे. मला बघितल्यावर म्हणाल्या, “काम अर्धं राहिलंय म्हणत होते हो.” आणि दर थोड्या वेळाने, कोणी आलं की, तेच. रडणं नाही, काही नाही. मला ते रडण्यापेक्षा वाईट वाटलं.

दादाची एकुलती एक मुलगी सायली, नोकरीला शिलाँगला. तिकडून विमानं बदलत इंदूर, मग टॅक्सीने धार — दुसऱ्या दिवशी सकाळच्या आत शक्यच नव्हतं. फोनवर ती एकच वाक्य बोलत होती, “काका, मी येईपर्यंत थांबा. मला बाबांना बघायचंय. नीट बघायचंय.” मी शब्द दिला. बाहेर ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं, आणि मी शब्द देऊन मोकळा!

गावात मृतदेह ठेवायची फ्रीजरची पेटी होती, ती मनावरकडे कोणाच्या तरी घरी गेलेली. इंदूरची पेटी ‘संध्याकाळी बघू’. हॉस्पिटलच्या शवागाराला वहिनींनी हात जोडले — “तिथे त्यांना एकट्याला ठेवायचं नाही.” बर्फाच्या लादीच्या कारखान्यात गेलो तर लग्नवाल्यांनी पहाटेच सगळ्या लाद्या उचललेल्या. माझा धंदा गारव्याचा, दादाचा धंदा गारव्याचा, आणि त्याच्यासाठी बर्फ मिळेना. मला रडू नाही, चीड आली. कोणावर ते माहीत नाही.

तेव्हा ते लस्सीचं दुकान आठवलं.

दुकानाचे मालक राधेश्यामजी दारातच भेटले. त्यांना बातमी कळली होती. डोळे पुसत म्हणाले, “भिया, अपने सामने तो बैठे थे सुबे। चाय भी पूरी नी पी। बोले, हीटर गया है, घर से सामान लेके आता हूं।” मग माझा हात धरून आत नेलं. “बरफ पूरा आपका। पन मशीन बरफ छोड़ ही नी री।”

मशीन दादाने सोडलं तसंच होतं. बाजूचा पत्रा काढून भिंतीला टेकवलेला, खाली त्याची पिशवी, पिशवीवर त्याचं मीटर, शेजारी चहाचा अर्धा ग्लास. त्यावर माशी बसली होती. मी आधी तो ग्लास उचलून बाहेर नेऊन ओतला. मग कामाला लागलो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. या मशीनमध्ये एक उभा पाट असतो, तो थंड होतो, त्यावरून पाणी वाहतं आणि थरावर थर बर्फ जमतो. थर पुरेसा झाला की पाटामागचा हीटर थोडा वेळ तापतो, बर्फाची पकड सुटते आणि सगळा बर्फ धाडकन खालच्या पेटीत पडतो. पुन्हा पाणी, पुन्हा थर. हीटर गेला की बर्फ जमतो, पण पाट सोडत नाही. चिकटून बसतो, जाड होत जातो, आणि मशीन नुसतं वीज खात राहतं.

मी मीटर लावलं. हीटरच्या दोन टोकांमध्ये काहीच दाखवेना, म्हणजे आतली तार तुटलेली. पुन्हा लावलं, टोकं घासून लावलं, तेच. दादाचं निदान बरोबर होतं, त्याचं चुकायचंच नाही. मग फ्यूजकडे बघितलं. या मशीनला हीटरसाठी वेगळा फ्यूज दादानेच कधीतरी बसवून दिला होता. त्याची जागा रिकामी होती. पिशवीत शोधला, खाली वाकून मशीनखाली शोधला. नव्हता.

माझ्या पिशवीत दुसरा फ्यूज होता. घालायला हातही गेला. पण रिकामी जागा म्हणजे कोणीतरी आत हात घालून बसलंय, हे इतकं अंगात मुरलंय की हात धजेना. म्हटलं, नाहीतरी हीटर तुटलेला आहे, फ्यूज घालून काय दिवे लागणार आहेत!

नवा हीटर इंदूरहून यायला हवा होता, आणि ते दुकान त्या दिवशी बंद. तेव्हा एकच उपाय होता. मशीन चालू करायचं, थर जमला की कोमट पाणी ओतून हाताने सोडवायचा. गारव्याचा भाग वेगळ्या लाइनवर होता, तो सुरू केला. थर जमला. पाणी ओतलं. बर्फ सुटला खरा, पण निम्मा विरघळून, उरलेल्याचा चुरा होऊन. एक घमेलं कसंबसं भरलं. राधेश्यामजींनी ते स्वतः स्कूटरवर घरी पोचवलं. मी हिशोब घातला. असा बर्फ घरी पोचेपर्यंत पाणी होणार. सकाळपर्यंत पुरणं तर दूरच, दुपारच निघणार नव्हती.

मी मशीनसमोर एका उपड्या क्रेटवर बसलो. पहाटेपासून पोटात काही नव्हतं. म्हटलं, बाळादादा, तूच सांग आता काय करू. हे मनात म्हटलं की मोठ्याने, आठवत नाही. थकलेला माणूस काय, भिंतीशीसुद्धा बोलतो.

दुसरा थर जमत आला होता. मी पाणी गरम करायला उठणार, तेवढ्यात आतून तो आवाज आला. उभ्या जन्मात हजार वेळा ऐकलेला — आधी बारीक कडकड, आणि मग धाडकन. सगळाच्या सगळा थर पेटीत. स्वच्छ, कडक, चौकोनी खडे. चुरा नाही.

मी बसूनच राहिलो. मग उठून पहिलं काम काय केलं असेल, तर फ्यूजची जागा बघितली. रिकामी. मीटर लावलं — हीटरपर्यंत वीज नाही. हीटरची टोकं तपासली — तार तुटलेलीच. म्हटलं, उन्हाने सुटला असेल. पण पाट अजून बर्फासारखा गार, आणि हवेने सुटणारा बर्फ असा पडत नाही, तो रडतखडत घसरतो. म्हणून मागे हात घालून हीटरला बोट लावलं.

चांगलंच भाजलं. हात असा झटकला की कोपर पत्र्यावर आपटलं.

मी घाबरलो का? लोक विचारतात. खरं सांगायचं तर भ्यायला अंगात त्राण लागतं, ते माझ्यात उरलं नव्हतं. राधेश्यामजी स्कूटर लावून आत आले, पेटीत वाकून बघितलं आणि म्हणाले, “वा भिया, बना दी! खानदानी हाथ है।” मी बोट नळाखाली धरून उभा राहिलो.

त्यानंतर मशीन थांबलं नाही. थर जमायचा, पडायचा, जमायचा, पडायचा. आम्ही घमेली भरायचो, घरी पोचवायचो. मी परत हीटरला हात लावला नाही. संध्याकाळी घरी जाऊन दादाजवळ बसलो, तेव्हा त्याच्या खाली, दोन्ही बाजूंना, छातीवर पोटावर बर्फाच्या पिशव्या होत्या. अंगात सकाळचाच कामाचा शर्ट. वहिनींनी बदलू दिला नव्हता. “बाहेरून आले तसेच सायलीला दिसू देत,” म्हणाल्या. रात्रभर राधेश्यामजी दुकान उघडं ठेवून बर्फ पाठवत राहिले. मी मशीन बघायला गेलो नाही. जावंसंच वाटलं नाही. बर्फ येतोय ना, बास.

सायली सकाळी आली. पिशव्या बाजूला केल्या. दादाचा चेहरा... उन्हाळ्यात अशा चेहऱ्यांचं काय होतं ते मी बघितलंय, म्हणून सांगतो. दुपारी जेवून जरा आडवा झालेल्या माणसाचा चेहरा होता तो. सायली बराच वेळ त्याच्या कपाळावर हात ठेवून बसली. कोणीही तिला ‘चला, उशीर होतोय’ म्हटलं नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “काका, तुमच्या बोटाला काय झालं?” टरारून फोड आला होता.

“भाजलं.”

“कशावर?”

“बर्फाच्या मशीनवर,” मी म्हणालो. काका थकलेत असं वाटलं असेल तिला.

मग अंघोळ घालायची वेळ आली. शर्ट मीच काढायला घेतला. कापड ओलं, गारठलेलं, बोटं बधिर होत होती. बटणं काढता काढता खिशाच्या बटणापाशी आलो, आणि आत काहीतरी कडक लागलं. बटण काढून हात घातला.

फ्यूज होता. चिनी मातीचा, पांढरा. त्या मशीनचा.

आणि तो गरम होता. कोमट नाही. जोराचा करंट वाहून गेल्यावर फ्यूज जसा तापतो, तसा. रात्रभर ज्या छातीवर बर्फ ठेवला होता, त्या छातीवरच्या खिशात. मी तो मुठीत धरला. माझ्या मुठीतच तो हळूहळू निवत गेला. समोर गुरुजी, आजूबाजूला चार माणसं. कोणाला काही दिसलं नाही. मी तो माझ्या खिशात टाकला आणि दादाला अंघोळ घातली.

दिवसकार्य झाल्यावर नवा हीटर घेऊन दुकानात गेलो. राधेश्यामजींची तक्रार होती — अंत्यविधीच्या सकाळपासून मशीनने परत बर्फ सोडणं बंद केलंय. पत्रा काढला तर पाटाला बर्फाचा जाड ठोकळा चिकटून बसला होता. तो सोडवला, जुना हीटर बाहेर काढला आणि करवतीने कापून बघितला. आतली तार तुटून दोन टोकं लांब लांब झालेली, आणि तुटलेल्या जागी गंज. ते आठ-पंधरा दिवसांचं काम नव्हे. त्यात करंट जाणं म्हणजे पूल नसलेल्या नदीवरून बस जाणं. नवा बसवला. मग खिशातून दादाचा फ्यूज काढला आणि जागेवर लावला. मशीन सुरू झालं.

आता मला माहीत आहे तुम्ही काय म्हणाल, कारण ते सगळं माझं स्वतःला म्हणून झालंय. अतिथंड धातूनेसुद्धा फोड येतो — येतो. तुटलेली तार कधी कधी तापून पुन्हा टेकते — टेकते, पण वीजच नसेल तर तापणार कशाने? फ्यूज उन्हाने गरम झाला असेल — बर्फाखाली? बोटं बधिर झाली की साधी वस्तूही गरम लागते, हे माझ्या मेहुण्याचं म्हणणं. त्या एका गोष्टीवर मी गप्प बसतो, कारण बोटं बधिर होती हे खरं. पण मग बर्फ कोणी पाडला? तो तर सगळ्यांनी बघितला, घमेल्यांनी वाहिला. मला कारण सापडलेलं नाही, आणि खरं सांगू का, शोधायचा जोरही आता राहिलेला नाही. काम करतो, घरी येतो. कुठलंही मशीन उघडताना फ्यूज खिशात टाकला की हात क्षणभर तिथेच राहतो, एवढंच.

त्या दिवशी दुकानातून परत येताना दादाच्या घरी गेलो. वहिनी ओट्याशी होत्या. मला पाणी दिलं आणि तेच म्हणाल्या, “त्या मशीनचं काम अर्धं राहिलं होतं हो भावजी. शेवटी तेच घोकत होते.”

मी आजच करून आलो, असं सांगायला तोंड उघडलं होतं. पण तसं म्हणवेना.

“नाही वहिनी,” मी म्हणालो. “काम दादानेच पूर्ण केलं. मी फक्त फ्यूज लावून आलो.”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग तिथेच ओट्याला धरून खाली बसल्या, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडल्या.